ताट धुऊन पिणारे आपण



आजचा विषय थोडा वेगळा आहे. खाखऱ्याची कृती नाही की पर्युषणाची तयारी नाही. पण सुरुवात मात्र ताटापासूनच करते.

आमच्या घरात जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी पितात. माझ्या माहेरी ही पद्धत फक्त आजी पाळायची. लग्न होऊन सातपूरला आले आणि पहिल्याच दिवशी बाबूजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तसं करताना पाहिलं. ते मला काहीच बोलले नाहीत. स्वतःचं ताट धुवायचे, पाणी प्यायचे, ताट पुसून उभं ठेवायचे. आठ दिवसांत मीही शिकले. अन्नाचा कण वाया जाऊ नये आणि उष्ट्यात जीव पडू नयेत, एवढी साधी गोष्ट.

आता दीड वर्षापूर्वीचं सांगते. सातपूर कॉलनीत आमचं किराणा दुकान आहे. एमआयडीसीतल्या कामगारांना महिन्याच्या वहीवर माल देण्यात बाबूजींचं आयुष्य गेलं. दिवसभर उभं राहायची सवय, त्यामुळे ते पाय दुखतो म्हणाले तेव्हा आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. मग सकाळी स्थानकात जाताना ते मध्येच थांबायला लागले. शंभरेक पावलं चालली की पोटरी आवळून यायची, दोन मिनिटं थांबलं की मोकळी व्हायची. लोकांना कळू नये म्हणून ते दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहायचे. शेवटी पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉप्लर तपासणी झाली. मांडीतली धमनी जवळजवळ बंद झाली होती.

कारण विचाराल तर वीस वर्षांचा मधुमेह आणि तंबाखू. आमच्या घरात सामायिकही व्हायची आणि तंबाखूची पुडीही निघायची. लपवण्यात अर्थ नाही.

धमनी उघडून आत साचलेला जाड थर काढायचं ठरलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणीच आहोत. पण आदल्या रात्री दहाच्या सुमारास सिस्टर तीन कागद घेऊन आल्या. एक भूल देण्याचा, एक ऑपरेशनचा, आणि तिसरा इंग्रजीत, बारीक अक्षरांत, दोन पानी. ‘हा ऑप्शनल आहे, पण केली सही तर बरं,’ त्या म्हणाल्या. यांनी चार ओळी वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग आणि थोडं रक्त संशोधनासाठी साठवून ठेवायची परवानगी हवी होती. यांनी हळूच विचारलं, ‘किडनी-बिडनीचं काही नाही ना यात?’ सिस्टर हसल्या, पण समजावून सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. मी म्हटलं, नको. आपल्या माणसाच्या शरीराचा तुकडा कुठल्या तरी फ्रिजमध्ये कशाला? सही केली नाही. बाबूजी शेजारीच पलंगावर जागे होते. त्यांना कुणीच विचारलं नाही, सिस्टरनी नाही आणि आम्हीही नाही.

घरी आल्यावर आठवड्याने त्यांनीच विषय काढला. ‘ती तिसरी सही कशाची होती?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘माझंच होतं ना ते? मग मला विचारायचं होतं.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘मग गेलं कुठे ते?’

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मी विचारून घेतलं. ऑपरेशनमध्ये निघालेला शरीराचा भाग पिवळ्या पिशवीत जातो आणि ती पिशवी भट्टीत जाळतात. तसा नियमच आहे आणि तो योग्यही आहे. घरी येऊन बाबूजींना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘म्हणजे वाया गेलं.’

ताटाचं पाणीसुद्धा न टाकणाऱ्या माणसाचं ते वाक्य मला लागलं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे, कळलं नाही ते डॉक्टरांना विचारते आहे. माझं मत आता बदललं आहे. ते का बदललं, हे सांगायलाच आज लिहायला बसले.

आधी ही गोष्ट काय आहे ते पाहू. रक्तपेढी आपल्याला माहीत आहे. महावीर जयंतीला आपल्याकडे रक्तदान शिबिरं होतात, आपण बाटली देतो आणि ती कुणाला तरी चढवली जाते. ही नमुन्यांची पेढी असते. इथे दिलेलं रक्त कुणाला चढवत नाहीत. त्यातला पातळ भाग वेगळा करतात, छोट्या छोट्या नळ्यांत भरतात आणि उणे ८० अंशांवर गोठवतात. काही नमुने द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास ठेवतात. धमनीतून काढलेल्या थराचा एक भाग गोठवतात, दुसरा मेणाच्या वडीत बसवतात, म्हणजे त्याचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. नळीवर नाव नसतं, पट्ट्यापट्ट्यांचा संकेतांक असतो. सोबत वय, आजार, औषधं, सवयी यांची नोंद असते आणि नाव कुठल्या संकेतांकाचं आहे ते वेगळं, कुलपात ठेवतात. आमच्याकडे दुपारी लाईट गेली की फ्रिजमधल्या दुधाची काळजी लागते. तिथे तर वर्षानुवर्षं एक क्षण गारवा तुटू द्यायचा नसतो. खर्चाचं आणि जबाबदारीचं काम आहे.

पण इतकी वर्षं ठेवायचं कशासाठी? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर असं की रक्तवाहिन्यांचा आजार फार सावकाश येतो. बाबूजींची धमनी एका वर्षात बंद झाली नाही, पंचवीस-तीस वर्षं आत थर चढत होता. आज त्यांचं रक्त तपासून आजार झाल्यावरचं चित्र कळतं. आजार व्हायच्या आधी त्या रक्तात काय होतं, हे कळायला तेव्हाचं रक्त कुणीतरी ठेवलेलं लागतं. शिवाय ज्या गोष्टीची तपासणी आज कुणाला सुचलेलीसुद्धा नाही, ती दहा वर्षांनी सुचेल. तेव्हा नमुना असला तर उत्तर मिळेल.

हे नुसतं पुस्तकी नाही. आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे आणि ते थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन थांबतं.

पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधकही त्यात होते. गावातल्या बायका गरोदर राहण्याआधीपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्या काय खातात, शेतात-घरात किती राबतात, वजन किती. गरोदरपणात अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला रक्त घेतलं आणि त्यातलं काही गोठवून ठेवलं. बाळं जन्मली, त्यांची मापं घेतली, आणि ती मुलं मोठी होताना त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. आपली बाळं वजनाने हलकी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते, वरून बारीक आणि आतून चरबीची, हे याच कामातून जगापुढे आलं.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली आणि तिचा मेळ आयांच्या जपून ठेवलेल्या रक्ताशी घातला. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट मात्र फक्त एकीचं कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम न करण्याची लक्षणं सर्वांत जास्त होती. म्हणजे पुढच्या मधुमेहाची पहिली पावलं, सहाव्या वर्षी. रक्त घेतलं तेव्हा त्या बायका पोटुशी होत्या आणि उत्तर मिळालं तेव्हा त्यांची पोरं शाळेत जात होती. रक्त फेकून दिलं असतं तर हा प्रश्न विचारताच आला नसता.

याच मंडळींनी २००६ साली पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरातले मध्यमवर्गीय. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी लोकांना ही कमतरता असण्याचा धोका ४.४ पट होता. आणि ५८ टक्के लोकांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक वाढलेला होता.

हे होमोसिस्टीन म्हणजे काय? आपण खातो त्या प्रथिनांच्या पचनात शरीरात ते तयार होतं आणि बी-१२, फोलेट वगैरेंच्या मदतीने मार्गी लागतं. ती मदत कमी पडली की साचतं. ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांच्यात हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण लगेच घाबरू नका आणि लगेच औषधाच्या दुकानाकडे पळूही नका. गोळ्या देऊन होमोसिस्टीन खाली आणलं तर हार्ट अटॅक टळतात का, याचे मोठे प्रयोग झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगात साडेपाच हजारांहून जास्त रुग्ण होते. त्यात अटॅक कमी झाले नाहीत, पक्षाघात मात्र थोडे कमी झाले. त्या प्रयोगांत आपल्यासारखे जन्मापासून शाकाहारी, बी-१२ ची खोल कमतरता असलेले लोक फारच थोडे होते. मग आपल्या घरातल्या माणसांबद्दल पक्कं उत्तर कुणाच्या रक्तातून मिळणार? आपल्याच ना!

माझं स्वतःचं सांगते. बाबूजींच्या धावपळीत मला तळपायांना मुंग्या यायच्या. मी दमणुकीवर ढकललं. तपासलं तर बी-१२ फारच कमी. आधी इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे. बी-१२ झाडपाल्यात जवळजवळ नसतं. आपल्याला ते दूध-दह्यातून मिळतं. मोठ्या माणसाला रोज साधारण दोन मायक्रोग्रॅम लागतं आणि पेलाभर दुधात एकाच्या आसपास असतं. म्हणजे चहात घातलेल्या दोन चमचे दुधाने काही होत नाही. आयंबिलाच्या नऊ दिवसांची काळजी करू नका, यकृतात बी-१२ चा साठा वर्षानुवर्षं पुरेल एवढा असू शकतो. पण आपल्या ज्या मुलामुलींनी गाई-म्हशींवरच्या हिंसेचा विचार करून दूधच सोडलं आहे, त्यांनी गोळी घ्यायलाच हवी. आणि हो, बी-१२ जिवाणूंच्या मदतीने तयार करतात, मांसातून काढत नाहीत. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून दुकानदाराला विचारून साधी गोळी मागा. मी तेच करते.

आता थोडं बाहेर पाहू. हॉलंडमध्ये उत्रेख्त नावाचं शहर आहे. तिथे २००२ सालापासून मानेतल्या धमनीच्या ऑपरेशनमध्ये निघणारा थर जपून ठेवतात. बाबूजींच्या मांडीतून निघाला तसाच तो. त्या शेकडो थरांचा अभ्यास करून आणि नंतर त्या रुग्णांची वर्षानुवर्षं विचारपूस करून त्यांना दिसलं की ज्यांच्या थरात आतल्या आत रक्तस्राव झालेला होता, त्यांना पुढे शरीरात इतरत्रही अटॅक, पक्षाघात असे त्रास जास्त झाले. मानेतला एक छोटा तुकडा सगळ्या शरीराच्या नळांची बातमी देतो. ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांनी रक्त आणि माहिती दिली. जगभरचे संशोधक आज ते वापरतात. पण त्यातले सुमारे ९४ टक्के लोक गोरे आहेत.

आणि आजार मात्र आपल्याकडे लवकर येतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ इथल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत ५९ व्या. सहा वर्षं! आपल्या स्थानकात बसलेल्या बायकांत किती जणींची कुंकवं पन्नाशीत गेली, मोजायला नको. कारणं शोधायची तर आपले नमुने हवेत. आपल्या सरकारच्या सीएसआयआर या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये ‘फिनोम इंडिया’ नावाचा उपक्रम सुरू केला. मधुमेह, यकृताचे आणि हृदयाचे आजार यांच्यासाठी दहा हजार लोकांचे नमुने घ्यायचे असं त्यात ठरलं. सुरुवात चांगली आहे. पण एवढ्या मोठ्या देशात दहा हजार म्हणजे डाळीतलं मीठ.

तर मैत्रिणींनो, माझं पहिलं मत हे की विचारलं तर द्यावं. ऑपरेशनमध्ये जे निघणारच आहे, तपासणीसाठी जे रक्त काढणारच आहे, त्यातला थोडा भाग पुढच्यांच्या उपयोगी पडत असेल तर तो पिवळ्या पिशवीत का जावा?

पण माझं दुसरं मतही तितकंच ठाम आहे. ज्या पद्धतीने आम्हाला विचारलं, त्या पद्धतीने विचारू नये.

अमेरिकेत अॅरिझोनामध्ये हवासुपाई नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० च्या सुमारास विद्यापीठातल्या लोकांनी त्यांचं रक्त नेलं. मधुमेहाचं कारण शोधतो म्हणाले. पुढे त्याच रक्तावर मनोविकारांचे, त्यांचे पूर्वज कुठून आले याचेही अभ्यास झाले. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते त्याच दरीत जन्मले आहेत. संशोधक सांगत होते, तुम्ही दुसरीकडून आलात. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. दिलेली वस्तू, सांगितलेलं काम आणि झालेलं काम यांचा मेळ बसला नाही की विश्वास जातो. आमच्या दुकानात दहा रुपयांची साखरसुद्धा वहीत लिहिल्याशिवाय उधार जात नाही. नाव, तारीख, किती, कशाचं. माणसाच्या शरीराचा भाग त्याहून स्वस्त आहे का?

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नमुन्यांच्या पेढ्यांवर वेगळं प्रकरण आहे. नमुना देणाऱ्याचाच असतो, पेढी फक्त विश्वस्त असते, हे त्यात म्हटलं आहे. दिलेली संमती मागे घेता येते. पेढीच्या कामावर नैतिकता समितीची नजर लागते. कागदावर सगळं आहे. पण रात्री दहा वाजता, ऑपरेशनच्या भीतीने पोटात गोळा आलेला असताना, न कळणाऱ्या भाषेत मागितलेल्या सहीला संमती म्हणायचं का?

म्हणून मी माझ्यापुरते पाच प्रश्न तयार केले आहेत. तुम्हीही फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पहिला, काय घेणार आणि त्यासाठी जादा चीर किंवा जादा सुई लागणार का? दुसरा, कशासाठी वापरणार, फक्त याच आजारासाठी की पुढे कशाहीसाठी? तिसरा, नाव कुणाला दिसेल, आणि नमुना परदेशात किंवा एखाद्या कंपनीकडे गेला तर कुणाच्या परवानगीने? चौथा, माझ्या तब्येतीबद्दल काही महत्त्वाचं सापडलं तर मला सांगणार का? पाचवा, उद्या मन बदललं तर कुणाला फोन करायचा? आणि नाही म्हटलं तर उपचारात काही फरक पडणार नाही, हे आधीच तोंडाने सांगितलं गेलं पाहिजे. तो फरक पडताच कामा नये.

हा कागद मराठीत असावा. ऑपरेशनची तारीख ठरते त्या दिवशीच घरी द्यावा, म्हणजे चार जण बसून वाचतील. आणि रुग्ण शुद्धीत असेल तर त्यालाच विचारावं. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. हे शेवटचं मी स्वतःलाच सांगते आहे.

आता धर्माची शंका. स्थानकात मी हा विषय काढला तेव्हा एक काकू म्हणाल्या, ‘शरीराबाहेरच्या रक्तात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, मग साठवणं म्हणजे हिंसाच नाही का?’ प्रश्न बरोबर आहे. मी शास्त्राची जाणकार नाही, याचं उत्तर महाराजसाहेबांनाच विचारावं. मला एवढंच वाटतं की मग साखर तपासायला दिलेल्या रक्तालाही हाच प्रश्न लागतो, आणि पिवळ्या पिशवीलाही. आजारासाठी ते आपण पत्करतोच. माझी स्वतःची टोचणी वेगळी आहे. पेशी वाढवायला प्रयोगशाळेत पुष्कळदा वासराच्या गर्भाच्या रक्तातला द्रव वापरतात, आणि काही प्रयोग प्राण्यांवर होतात. माझ्या माणसाचा नमुना त्यात जाऊ नये असं मला वाटतं. म्हणून सहावा प्रश्नही विचारायचा, ‘प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी वापरू नका असं लिहून देता येईल का?’ पेढी नाही म्हणाली, तर आपण ठरवावं. पण प्रश्न विचारून ठरवावं, आम्ही केलं तसं भीतीने नाही.

आपण चार दानं मानतो, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. नमुना देणं यातलं कुठलं, मला नक्की सांगता येणार नाही. औषध आज मिळत नाही, मिळेल ते कुणा अनोळखी माणसाला. नावाची पाटी लागत नाही. हारतुरे नाहीत, बोली नाही. आपल्या संघात देणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. एखाद्या रविवारी व्याख्यानानंतर अर्धा तास एखाद्या डॉक्टरांना बोलावून हे सगळं समजून घेतलं तर किती बरं होईल! मी आमच्या मंडळात विषय मांडला आहे. पाहू.

बाबूजी आता न थांबता स्थानकापर्यंत जातात. तंबाखू सुटली. दुसऱ्या पायाच्या धमनीतही थोडा थर आहे, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. मागच्या महिन्यात दुकानाची जुनी उधारीची वही आवरताना तिच्या मागच्या पानावर त्यांचं अक्षर दिसलं. ‘पुन्हा ऑपरेशन झाल्यास नमुना मागितला तर द्यावा. मात्र आधी मला विचारावे.’ खाली तारीख आणि सही.

मी ते पान फाडून त्यांच्या फायलीत लावून ठेवलं आहे. जेवताना त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, ताटात पाणी घातलं आणि प्याले.

तुमच्या घरात अशी सही कुणी मागितली होती का? तुम्ही काय केलंत, जरूर कळवा.

जय जिनेंद्र.